आरशापुढची शाळा

मराठीच्या प्राध्यापकाला भाषणाचे बोलावणे येणे, यात नवल ते काय? ग्रंथालयाचा वार्षिक दिन असो, गणेशोत्सव असो, कुणाची एकसष्टी असो. जिथे म्हणून शाल आणि श्रीफळ तयार असते, तिथे आम्हा मंडळींची वर्णी लागतेच. गेली अठरा वर्षे मी गोंदियात मराठी शिकवीत आहे. या अवधीत पतसंस्थेच्या सभासदांपुढे बोललो, एस. टी.च्या वाहकांपुढे बोललो, एकदा तर भजनी मंडळापुढेही बोललो. परंतु २०२४ सालच्या जुलैत जे बोलावणे आले, त्याने मी चकितच झालो.

फोनवर बाईमाणसाचा आवाज होता. "सर, ब्युटी पार्लरचं काम शिकवणाऱ्या आम्ही पाच-सहा जणी आहोत. काम येतं आम्हाला. पण शिकवायचं कसं, ते येत नाही. तुम्ही सांगाल का?"

मी हसून म्हणालो, "बाई, मला स्वतःचा भांगसुद्धा नीट पाडता येत नाही!"

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग आवाज आला, "सर, मी तुमचीच विद्यार्थिनी. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं होतं."

आणि मला सारे आठवले. वर्गातली हुशार मुलगी. निबंध असा लिही की, मी तो दुसऱ्या तुकडीत वाचून दाखवीत असे. वडील गेल्यावर तिने कॉलेज सोडून पार्लरचे काम शिकायचे ठरविले, आणि दाखल्याच्या अर्जावर सही घ्यायला ती माझ्याकडे आली. त्या वेळी मी म्हणालो होतो, "एवढी चांगली भाषा असून शेवटी लोकांच्या भुवया कोरीत बसणार का?" ती काही बोलली नव्हती. अर्ज घेऊन निघून गेली होती.

त्या मुलीने आता मला शिकवायला बोलावले होते. नाही म्हणायला मला तोंडच नव्हते. मी एवढेच म्हणालो, "आधी मला तुमचा वर्ग पाहू दे."

माझाच वर्ग!

बाजारपेठेतल्या एका माडीवर तो वर्ग भरतो. लांबट खोली, भिंतीला चार आरसे, आरशांपुढे चार खुर्च्या, आणि मुली अठरा. कुणी आमगाव-सालेकशाहून रेल्वेने आलेली, कुणी तिरोड्याची, कुणी गोरेगावहून एस. टी.ने. कुणी नुकतीच दहावी झालेली. तर कुणी दोन मुलांची आई, सासूला काहीतरी सबब सांगून आलेली. भाषा म्हणाल तर एकीची झाडीबोली, दुसरीची पोवारी, तिसरीची हिंदी. देवरीकडची एक मुलगी घरी गोंडी बोलणारी. आणि शिकण्याचे सारे शब्द मात्र इंग्रजी!

त्या दिवशी धड्याचा विषय होता दोऱ्याने भुवया कोरणे, म्हणजे थ्रेडिंग. माझी विद्यार्थिनी – आता तिला बाई म्हटले पाहिजे – खुर्चीमागे उभी राहिली. मुलींनी तिच्याभोवती कडे केले. दोऱ्याला पीळ घालून बोटे उघडमीट करीत तिने पाच मिनिटांत दोन्ही भुवया अशा काही रेखल्या की, मीदेखील पाहत राहिलो. केवढी सफाई!

"समजलं ना?" तिने विचारले.

"हो मॅडम," अठरा जणी एका सुरात म्हणाल्या.

मग एका मुलीला पुढे बोलाविले. मुलगी आमगावकडची, बारीक चणीची. तिची बोटे थरथरत होती. दोरा ढिला पडला, पीळ कातडीत अडकला, आणि खुर्चीतली मुलगी "आई गं!" म्हणून किंचाळली. बाकीच्या हसल्या. बाईंनी तिच्या हातातून दोरा घेतला आणि "असं नाही गं, असं!" म्हणत उरलेली भुवई स्वतःच पुरी केली. मुलगी मागे सरकत पुटपुटली, "मले नाही जमत जी."

वर्ग सुटल्यावर बाई म्हणाल्या, "सर, दर वेळी असंच होतं. दिवाळीपर्यंत निम्म्या मुली गळतात. फी बुडते ती बुडतेच. पण घरी 'हिला काहीच जमत नाही' असा शिक्का बसतो, आणि मग लग्नच लावून देतात. माझं कुठं चुकतं?"

वाचकहो, मी काय उत्तर देणार? कारण जे मी पाहिले, तो माझाच वर्ग होता! मीही कविता रंगवून शिकवितो. स्वतःच्या वाणीवर स्वतःच खूश होतो. शेवटी "समजले ना?" विचारतो, आणि सत्तर मुले "हो सर" म्हणतात. फरक इतकाच की, माझ्या वर्गात कुणी "आई गं!" म्हणून किंचाळत नाही; म्हणून माझी चूक मला परीक्षेचे पेपर येईपर्यंत कळत नाही. आपली कला दाखविणे म्हणजे शिकविणे, असे आम्ही दोघेही समजत होतो.

कला एक, शिकविणे दुसरे

पूर्वी हा प्रश्न नव्हता. न्हाव्याचा मुलगा बापाशेजारी बसे. वस्तरा परजणे, वाटीत पाणी देणे, गिऱ्हाइकाशी बोलणे, हे सारे तो वर्षानुवर्षे पाही आणि हळूहळू शिके. घाई नव्हती, फी नव्हती. या हातांना स्वतःचे मनही होते, हे आपण विसरतो. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने संप केला आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे जाहीर केले. मोठमोठ्या पंडितांना जे सुचले नाही, ते कात्री-वस्तरा धरणाऱ्यांना सुचले. "भुवया कोरीत बसणार का?" असे विचारणाऱ्या प्राध्यापकाने हा इतिहास आधी वाचायला हवा होता!

आता हे काम शाळेत शिकवितात. स्वातंत्र्यानंतर १९५० साली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातल्या आय. टी. आय., निघाल्या. त्यांत आज कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ८४० तास हाताचे काम आणि २४० तास त्यामागचे ज्ञान, अशी त्याची वाटणी. तेथे शिकविणाऱ्यांना शिल्पनिदेशक म्हणतात, आणि शिकवावे कसे याचेही एक वर्षाचे वेगळे प्रशिक्षण सरकारने ठेविले आहे. म्हणजे काम येणे वेगळे आणि ते शिकविता येणे वेगळे, हे सरकारनेही मानले आहे. पण माडीवरच्या खाजगी वर्गातल्या बाईंना हे प्रशिक्षण कुठले? काल पार्लर चालविले आणि आज पाटी लाविली, एवढीच त्यांची तयारी. आम्हा कॉलेजच्या प्राध्यापकांची तरी वेगळी कुठे असते? एम. ए. झालो आणि वर्गावर गेलो!

चार पायऱ्या

मी शोधाशोध सुरू केली. बी. एड. केलेल्या एका मित्राने 'हर्बार्टची पंचपदी' काढून दिली. हर्बार्ट (१७७६-१८४१) हा जर्मन तत्त्वज्ञ. त्याच्या अनुयायांनी धड्याच्या पाच पायऱ्या ठरविल्या, आणि आपल्याकडच्या अध्यापक विद्यालयांतून त्या पिढ्यान्‌पिढ्या घोकल्या गेल्या. त्याच धर्तीवर चार्ल्स अॅलन या अमेरिकन गृहस्थाने हाताच्या कामासाठी चार पायऱ्या मांडल्या. पहिल्या महायुद्धात जहाजे बांधायला माणसे हवी होती, आणि नवख्यांना भराभर शिकवायचे होते. १९१९ साली त्याचे पुस्तक निघाले. पुढे १९४० ते १९४५ या काळात अमेरिकेच्या कारखान्यांतल्या मुकादमांना याच पायऱ्या खिशात मावेल अशा कार्डावर छापून दिल्या गेल्या. युद्धानंतर त्या जपानलाही गेल्या. त्यांचे सार असे की, शिकणाऱ्याला आले नसेल तर शिकविणाऱ्याने शिकविलेच नाही, असे समजावे. हे वाचून मला जरा घामच फुटला.

ठरल्या दिवशी मी त्या पाच-सहा जणींपुढे या चार पायऱ्या मांडल्या. पण जहाजे राहिली बाजूला. भुवईवर त्या कशा लावायच्या, हे त्यांनीच ठरविले.

पहिली पायरी तयारीची. शिकणारीला आधी काय येते, ते विचारायचे. दुसरी दाखविण्याची. कडे करून उभे केले की, समोरच्या मुलींना बाईंचा उजवा हात डावीकडे दिसतो. म्हणून सहा-सहा जणींनाच घ्यायचे आणि बाईंच्या खांद्यामागून पाहायला लावायचे. दाखवायचे तीनदा: एकदा नेहमीच्या वेगाने, न बोलता, एकदा सावकाश, प्रत्येक हालचालीचे कारण सांगत, आणि तिसऱ्या वेळी मुलींनी सांगायचे व बाईंनी तेवढेच करायचे. तिसरी पायरी करून पाहण्याची. आधी स्वतःच्या पायावर, मग मैत्रिणीच्या भुवईवर. मुलीने करता करता तोंडाने बोलायचे: "मी कातडी ताणायला सांगते, मी केस उगवतात त्याच्या उलट दिशेने दोरा नेते." बोलणे अडखळले की चूक हाताआधी कळते. आणि मुख्य म्हणजे, काही झाले तरी बाईंनी तिच्या हातातला दोरा घ्यायचा नाही. आपला हात फक्त तिच्या मनगटाशी न्यायचा. चौथी पायरी पारखण्याची. "समजलं ना?" हा प्रश्न वर्गातून हद्दपार! "करून दाखव," असे म्हणायचे, आणि आठवड्याने पुन्हा पाहायचे. कारण आज आलेले उद्या टिकतेच असे नाही.

पहिल्या पायरीचा चमत्कार मला दुसऱ्याच आठवड्यात दिसला. बाईंनी प्रत्येकीला विचारले, "घरी हातांनी काय काय करतेस?" कुणी रोवणी सांगितली, कुणी शिवण. आमगावकडची ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग खाली मान घालून म्हणाली, "मायसंगं बिड्या वळतो जी." आमच्या जिल्ह्यात हे काम घरोघर चालते, पण पार्लरच्या वर्गात ते सांगायची तिला लाज वाटत होती.

बाईंचे डोळे चमकले. "म्हणजे तेंदूचं पान मापानं कातरतेस? वळून दोऱ्यानं बांधतेस?"

"हो जी."

"दोरा किती ओढतेस?"

मुलीने बोटे हलवून पाहिली. "तुटू नये, सुटू नये, एवढा."

"बस! इथंही तेवढाच ओढायचा."

त्या दिवशी तिची बोटे थरथरली नाहीत, असे मी म्हणणार नाही. पण दोरा ढिला पडला नाही. अठरा मुलींत कात्री आणि दोरा यांचा सर्वांत जास्त सराव असलेली मुलगी इतके दिवस "मले जमत नाही" म्हणत मागे उभी होती, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हते. कारण कुणी तिला विचारलेच नव्हते!

खुर्च्या चार, मुली अठरा

राहिला प्रश्न वर्ग आवरण्याचा. चार जणी काम करतात, बाकीच्या गप्पा मारतात किंवा मोबाईल पाहतात, ही बाईंची तक्रार. तोडगा त्यांनीच काढला. तीन-तीन मुलींचे सहा गट केले. गटात एक काम करणारी, एक खुर्चीत बसणारी, आणि एक वही घेऊन पाहणारी. पाहणारीच्या वहीत प्रश्न लिहिलेले: हात धुतले का? दोरा नवा घेतला का? दोऱ्याचे टोक दातांत तर धरले नाही? मेण आधी स्वतःच्या मनगटावर पाहिले का? दुखते का, म्हणून विचारले का? चार गट खुर्च्यांपाशी; उरलेले दोन गट हत्यारे धुणे, मोजणे आणि टिपणे लिहिणे या कामाला. ठरल्या वेळाने फिरती. कुणाची पाळी केव्हा, याचा तक्ता भिंतीवर. त्यामुळे आवडती-नावडती ही कुरकूर थांबली. गाडी चुकून उशिरा येणारीलाही आपण कुठे उभे राहायचे, ते तक्त्यावर दिसू लागले. खुर्चीतल्या मुलीचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढायचा नाही, हा नियम मुलींनी स्वतःच केला. गिऱ्हाइकासमोर शिकाऊ मुलीला रागवायचे नाही. बाईंनी नुसता खुर्चीच्या पाठीला हात लावायचा, म्हणजे थांबून पुन्हा पाहा अशी खूण.

एक गोष्ट मात्र तक्त्याने सुटली नाही. पावलांची निगा शिकविण्याच्या आठवड्यात एका मुलीने दुसरीचे पाय हातात घ्यायला नकार दिला. पाठ दुखते, असे कारण सांगितले. खरे कारण कुणी बोलले नाही. पण ते सगळ्यांना कळले होते, आणि जिचे पाय होते तिला सर्वांत आधी. बाईंनी भाषण केले नाही. दुसऱ्या दिवशी तक्त्यात वरच्या ओळीत त्यांचे स्वतःचे नाव होते. त्यांनी घमेल्यात पाणी घेतले, खाली पाटावर बसून त्या मुलीची पावले धुतली, आणि धुता धुता टाचांच्या भेगांवर काय करावे ते नेहमीच्या आवाजात सांगितले. दुपारी पाठ दुखणारीने आपली पाळी घेतली. तिचे मन पालटले की नाही, हे मी सांगू शकत नाही. वर्गाची रीत मात्र पालटली.

रंगाची गोष्ट

मराठीचा प्राध्यापक म्हणून माझ्या वाट्याला आले ते शब्द. मी कान देऊन ऐकू लागलो, तर वर्गात सतत चाले: "ही काळी आहे, हिला अमुक लावा." "हिचा रंग उजळायला हवा." उन्हात रोवणी केलेल्या मुली एकमेकींना हे ऐकवीत, आणि स्वतःलाही. यात त्यांचा दोष किती? गोरेपणाचे मलम आपल्या देशात १९७५ पासून मोठ्या धडाक्याने विकले गेले. त्याच्या नावातला 'फेअर' हा शब्द कंपनीने काढला, तोही २०२० साली. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे, स्टेरॉईड असलेली मलमे गोरे होण्यासाठी वापरण्याची खोड. त्यांनी कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, म्हणून २०१८ साली सरकारला नियम कडक करावे लागले.

मी सुचविले, की कातडीचा रंग सांगायचाच नाही. गुण सांगायचा: कोरडी, तेलकट, मिश्र, नाजूक. बाईंनी पुढची पायरी गाठली. इंग्रजी शब्दांचा तक्ता करून प्रत्येक शब्दापुढे मुलींच्या घरच्या बोलीतले शब्द त्यांनी मुलींकडूनच लिहवून घेतले. पोवारी आली, गोंडी आली, झाडीबोली तर आलीच. केसांना रंग लावण्याआधी कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट पाहायची, हा नियम पूर्वी सगळ्या इंग्रजीत पाठ म्हणत आणि विसरत. आता देवरीच्या मुलीने तो आपल्या आईला गोंडीत समजावून सांगितला; आणि आईला समजले, म्हणजे मुलीला आले असे बाईंनी धरले.

मला यातून जे कळले, ते सांगून टाकतो. इतर कारागिराचा धडा लाकडावर किंवा लोखंडावर होतो. बिघडला तर तुकडा फेकून देता येतो. या शाळेतला धडा जिवंत माणसावर होतो. म्हणून जिला वर्गात हसतात, ती पुढे गिऱ्हाइकालाही हसते, आणि जिला बाई "दुखतंय का?" म्हणून विचारतात, ती गिऱ्हाइकाला विचारते. बाई आपल्या विद्यार्थिनीशी जशा वागतात, तोच या शाळेतला पहिला धडा.

जाता जाता

गेल्या दिवाळीपर्यंत अठरापैकी पंधरा मुली टिकल्या. तिघींची लग्ने झाली की भाडे परवडले नाही, कोण जाणे. सगळ्यांचे सगळे सुटले, असे मी म्हणणार नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आमच्या सौभाग्यवती तिथे जाऊन आल्या. म्हणाल्या, "अहो, एक बारीकशी मुलगी होती. दोरा हातात घेण्याआधी म्हणाली, 'काकू, दुखलं तर लगेच सांगा जी, मी थांबतो.' एवढ्या वर्षांत असं मला कुणी विचारलं नव्हतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही विचारता का हो, तुमच्या वर्गात?"

मी विचारीत नव्हतो. आता "समजले ना?" म्हणायचे सोडले आहे. कविता शिकवून झाली की दोघा-तिघांना ती शेजाऱ्याला सांगायला लावतो, आणि स्वतः गप्प बसतो. गप्प बसणे फार अवघड जाते!

आणि एक काम राहिले होते. शेवटच्या दिवशी मी बाईंना म्हणालो, "तुझ्या अर्जावर सही करताना मी जे बोललो होतो, ते चुकलो होतो."

ती आरसा पुसत होती. म्हणाली, "सर, ते वाक्य मी विसरले नव्हते. पण वर्गात माझा निबंध वाचला होता, तेही विसरले नव्हते. म्हणून तर तुम्हाला फोन केला."

वाचकहो, दिवाळीच्या गर्दीत तुम्ही किंवा तुमच्या घरच्या कुणी खुर्चीत बसाल, आणि एखादी शिकाऊ मुलगी दोरा किंवा कात्री घेऊन पुढे येईल. तिला पाच मिनिटे जास्त लागतील. ती तिला द्या. तिच्यामागे उभ्या असलेल्या बाई त्या पाच मिनिटांत खुर्चीच्या पाठीला हात लावून, दोरा स्वतःच्या हातात न घेता, थांबून राहिल्या असतील. आणि ते किती कठीण असते, ते मी आता जाणतो.